पुराचा आकडा आणि घराचा उंबरा: माध्यमिक शाळेतील आपत्ती-सज्जता व सुरक्षा शिक्षण

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या, सांगली जिल्ह्यातील आष्टा परिसरात पावसाळ्यातील एक विसंगती सर्वांच्या परिचयाची आहे. गावात दोन दिवस पावसाचा थेंब नसतो, उन्हे पडलेली असतात, आणि तरीही नदीकाठच्या मळीत पाणी शिरते, उसाचे फड बुडतात आणि सायंकाळपर्यंत शेजारच्या गावाचा रस्ता बंद होतो. याहून अधिक विचार करायला लावणारी दुसरी विसंगती अशी की, हे पाणी येणार असल्याची वार्ता गावाला आधी मिळालेली असते. धरणातून किती क्यूसेक विसर्ग सुरू झाला आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती फुटांवर गेली, हे आकडे मोबाईलवर दर तासाला येत असतात. तरीही घर नेमके कधी सोडायचे, याचा निर्णय अनेक कुटुंबांत पाणी अंगणात येईपर्यंत होत नाही. माहिती हाती असूनही कृती का घडत नाही, हा आपत्ती-सज्जतेच्या शिक्षणाचा मूळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधण्याची सर्वांत योग्य जागा माध्यमिक शाळा आहे.

न पडलेल्या पावसाचा पूर

पहिल्या विसंगतीचे उत्तर भूगोलात आहे. कृष्णा आणि कोयना यांचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरात होतो, जेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगली-मिरजेच्या बाजूला हेच प्रमाण त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. कोयना कराडजवळ कृष्णेला मिळते, तर चांदोली धरणातून पुढे आलेली वारणा सांगलीलगत हरिपूर येथे कृष्णेत येते. त्यामुळे आष्टा परिसरातील पूर हा बहुतांशी पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा पूर असतो. तो कराडला काही तासांत आणि सांगलीला त्यानंतर बऱ्याच तासांनी पोहोचतो.

यात संगमाच्या परिणामाची भर पडते. न्हाणीघराच्या मोरीत दोन बाजूंनी एकाच वेळी बादल्या रिकाम्या केल्या, तर मोरीचे तोंड तेवढेच असल्याने पाणी बाहेर जाण्याऐवजी मागे पसरते. तसेच कृष्णा आणि वारणा एकाच वेळी भरून आल्या की संगमाच्या वरच्या अंगाला दोन्ही पात्रांतील पाण्याचा वेग मंदावतो, पातळी चढते आणि पाणी ओढ्या-नाल्यांतून उलटे गावाकडे येते. याला फुगवटा म्हणतात. फुगवट्याचे पाणी लोंढ्यासारखे न येता गुपचूप चढते. म्हणूनच ते फसवे असते, कारण नदीकडे पाहत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे ओढ्यावरचा रस्ता आधीच बुडालेला असू शकतो.

चौकट: बातमीतील आकडे कसे वाचावेत
क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट साठा. एक लाख क्यूसेकचा विसर्ग पूर्ण चोवीस तास चालू राहिला, तर ८.६४ टीएमसी पाणी खाली येते. कोयनेच्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. साठा टीएमसीत, विसर्ग क्यूसेकमध्ये आणि उंची फुटांत मोजली जाते. घराचा निर्णय मात्र शेवटी फुटांवर ठरतो.

आकडा कळूनही पाय का निघत नाही

दुसऱ्या विसंगतीचे उत्तर माणसाच्या मनाच्या घडणीत आहे. धोक्याची सूचना मिळताच पळून जाणे ही माणसाची पहिली प्रतिक्रिया नसते. उलट, नेहमीचे जीवन नेहमीसारखेच चालू राहील असे मन गृहीत धरते आणि सूचनेचा अर्थ त्या गृहीताला धक्का लागणार नाही अशा बेताने लावते. मानसशास्त्रात याला सामान्यतेचा पूर्वग्रह म्हणतात. त्याच्या जोडीला पूर्वानुभव येतो. २००५ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती आणि तो पूर या भागाच्या स्मरणात ‘मोठा पूर’ म्हणून पक्का झाला होता. त्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले तेव्हा ‘२००५ चे पाणी सुद्धा आपल्या दारात आले नव्हते’ अशा हिशेबाने अनेक कुटुंबे घरातच थांबली. प्रत्यक्षात त्या वर्षी पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. जुना अनुभव हा मोलाचा असतो, परंतु तो ‘इतके झाले होते’ एवढेच सांगतो. ‘याहून अधिक होणार नाही’ असे तो कधीच सांगत नाही, आणि हा तर्कातील फरक नववी-दहावीच्या मुलांना शिकवता येण्याजोगा आहे.

तिसरे कारण गोठ्यात आहे. घरातील माणसे ट्रॅक्टरमधून निघू शकतात, पण दुभती म्हैस, बैलजोडी आणि वैरण यांची सोय ठरलेली नसेल, तर कर्ता माणूस मागे राहतो आणि त्याच्यासाठी उरलेले घरही रेंगाळते. शहरात तयार झालेल्या सज्जतेच्या पुस्तिकांमध्ये कागदपत्रे, औषधे आणि विजेरी यांची यादी असते. नदीकाठच्या गावात जनावरांचा विचार नसलेली योजना ही योजनाच ठरत नाही.

या तिन्ही अडचणींवरचा उपाय एकच आहे: निर्णय संकटाच्या वेळी न घेता तो शांत काळात घेऊन ठेवणे आणि त्याला एका आकड्याशी बांधणे. त्यासाठी शाळेला विशेष साधनांची गरज नाही. विद्यार्थ्यांनी गावात फिरून २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांचे पाणी कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत आले होते, याच्या खुणा आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी गोळा कराव्यात, त्या गावाच्या नकाशावर मांडाव्यात आणि त्या दिवशीच्या आयर्विन पुलाच्या पातळीशी जोडून पाहाव्यात. अशा रीतीने प्रत्येक घराचा एक ‘उंबऱ्याचा आकडा’ निघतो. वारणाकाठच्या शिगावसारख्या गावात चांदोलीचा विसर्ग आणि जवळच्या पुलाची पातळी धरावी लागेल. हे नाते काटेकोर नसते, कारण दोन नद्यांपैकी कोणती अधिक भरली आहे यावर ते बदलते. म्हणून उंबऱ्याच्या आकड्यापेक्षा काही फूट आधीच जनावरे हलवण्याचा आणि त्यानंतर माणसे निघण्याचा टप्पा ठरवायचा असतो. पुढचे गणित सातवीच्या मुलालाही जमते: समजा पातळी ३८ फूट आहे आणि ती तासाला अर्धा फूट या वेगाने चढते आहे, तर ४५ फूट गाठायला चौदा तास लागतील. या चौदा तासांतील अंधाराचे तास वजा केले की हातात खरोखर किती वेळ आहे, हे कळते. तासागणिक येणाऱ्या बातमीतील आकडा अशा प्रकारे प्रथमच घराच्या दाराशी येऊन उभा राहतो.

शाळेत हा विषय आज कोठे आहे

आपत्ती-सज्जता शाळेत अजिबात नाही, असे म्हणता येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००३ पासून आठवीत आणि पुढे नववी-दहावीत आपत्ती व्यवस्थापन आणले. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या २०१८ च्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आपत्ती व्यवस्थापन’ हे अखेरचे प्रकरण आहे, आणि नववी-दहावीसाठी बालभारतीने ‘संरक्षणशास्त्र’ व ‘जलसुरक्षा’ अशी पुस्तकेही काढली आहेत. कायद्याची बाजूही भक्कम आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे उभी राहिली आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

उणीव आहे ती विषयाच्या स्वरूपाच्या समजुतीत. हे प्रकरण इतर प्रकरणांसारखेच वाचले जाते, ‘आपत्तीची व्याख्या लिहा’ असा प्रश्न येतो आणि उत्तर पाठ होते. भूकंपाच्या पाठातील रिश्टर मापन जो विद्यार्थी बिनचूक लिहितो, त्याला स्वतःच्या वर्गाचे दार आत उघडते की बाहेर, हे अनेकदा सांगता येत नाही.

दहा सेकंदांचा सराव

व्याख्या आणि कृती यांत एवढे अंतर का पडते, हे भूकंपाच्या उदाहरणातून चांगले समजते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याचे धक्के सांगली, कोल्हापूर, पुणे आणि मुंबईपर्यंत जाणवले. जलाशयातील पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत मुरलेले पाणी यांमुळे भूकंपाला चालना मिळते, याचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे, आणि कोयना-वारणा पट्ट्यात लहान-मोठे धक्के आजही बसतात.

भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. प्राथमिक लाटा खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येतात आणि हलका हादरा देतात. दुय्यम लाटा सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येतात आणि भिंतींना आडवे हलवतात, म्हणून नुकसान मुख्यतः त्यांच्यामुळे होते. कोयनानगर आष्ट्यापासून सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटरवर असल्याने पहिल्या हलक्या हादऱ्यानंतर जोराचा हादरा पोहोचेपर्यंत साधारण दहा सेकंद मिळतात. दहा सेकंदांत तिसऱ्या मजल्यावरून मैदानात जाता येत नाही. जिन्यात मात्र नक्की सापडता येते. याच वेळात गुडघ्यांवर बसणे, बाकाखाली डोके व मान झाकणे आणि बाकाचा पाय घट्ट धरणे एवढे होऊ शकते, आणि हादरा थांबल्यावर बाहेर पडायचे असते.

पण घाबरलेल्या अवस्थेत मेंदूतील विचार करणारी स्मृती आकुंचन पावते. समोर चार पर्याय ठेवून त्यांतील योग्य तो निवडण्याचे काम तिला झेपत नाही. सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल वेगळ्या मार्गाने साठवली जात असल्यामुळे ती अशा वेळीही होते. पोहणारा माणूस पाण्यात पडल्यावर हात कसे मारायचे याचा विचार करीत बसत नाही. रंगीत तालीम, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगापूर्वी केलेला पूर्ण सराव, ही म्हणूनच पाठाची पुरवणी नसून पाठाचा गाभा आहे. ती वर्षातून एकदा, पाहुण्यांसमोर, आधी सांगून झाली, तर तिचा उपयोग फारसा होत नाही. मधल्या सुटीत, प्रार्थनेच्या वेळी, एक जिना बंद आहे असे गृहीत धरून ती झाली पाहिजे. बाहेर पडताना सर्वांनी धाव घेतली तर दाराच्या चौकटीत खांद्याला खांदा अडकून वाट बंद होते आणि ओळीने चालणारा वर्ग धावणाऱ्या वर्गापेक्षा लवकर रिकामा होतो, हे मुलांनी घड्याळ लावून स्वतः मोजले की ते पुन्हा सांगावे लागत नाही. मैदानात पोहोचल्यावर हजेरीपट वाचून कोण मागे राहिले हे कळते, म्हणून हजेरीपट कोणी उचलायचा हेही ठरलेले असावे लागते.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी लागते. कोयनेचा भूकंप पहाटे साडेचारच्या आधी झाला आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास. महाराष्ट्राच्या आठवणीतील या दोन्ही मोठ्या भूकंपांच्या वेळी मुले वर्गात बाकापाशी नव्हती. ती घरी झोपलेली होती. किल्लारीत बळी घेतले ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या भाराने. तेव्हा शाळेतला सराव घरच्या पाहणीला जोडलेला नसेल, तर तो अपुरा राहतो: जुन्या भिंतीला फुगवटा आला आहे का, झोपण्याच्या जागेवर फळीवर जड डबे आहेत का, रात्री दाराच्या वाटेत सामान साचते का, हे प्रश्न मुलांनी वहीत लिहून घरी न्यावे लागतात.

नावेचा धडा

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटली आणि अनेकांचा मृत्यू झाला. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. ही घटना या भागातील प्रत्येक शाळेत विज्ञानाच्या तासाला आदराने आणि गांभीर्याने शिकवली गेली पाहिजे, कारण तिच्यामागील तत्त्वे पाठ्यपुस्तकात आधीपासूनच आहेत. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम. प्रत्येक माणूस चढला की नावेचा काठ पाण्याच्या तेवढा जवळ येतो आणि एका हेलकाव्यात पाणी आत येण्याची शक्यता वाढते. माणसे उभी राहिली की एकूण वजनाचा केंद्रबिंदू वर सरकतो आणि नाव अस्थिर होते. सर्वजण एका बाजूला वळले की ती कलते. म्हणून खाली बसणे, दोन्ही बाजूंना भार सारखा ठेवणे, संख्या मोजून चढणे आणि जीवरक्षक जाकीट नसेल तर दुसऱ्या फेरीची वाट पाहणे, हे चार नियम मुलांना कारणांसह माहीत असले पाहिजेत. कारण समजलेला नियम गर्दीतही मोठ्यांना ठामपणे सांगता येतो.

सुरक्षा म्हणजे केवळ सीमा नव्हे

सातारा-सांगली भागाला सुरक्षेचा एक अर्थ पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली आणि अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्पिढ्या सैन्यात भरती होत आली. संरक्षणशास्त्राच्या तासाला सीमा, सेनादले आणि राष्ट्रीय हित शिकवले जाते, आणि ते आवश्यकच आहे. परंतु १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना पुढे आणली, ज्यानुसार अन्न, आरोग्य, पर्यावरण, उपजीविका आणि व्यक्तीची व समाजाची निर्भयता हीही सुरक्षेचीच अंगे होत. या दृष्टीने पाहिल्यास पुराचा नकाशा आणि संरक्षणशास्त्र हे एकाच विषयाचे दोन भाग ठरतात, कारण दोन्हींत विचारायचे प्रश्न तेच आहेत: धोका कोणता, त्याच्या टप्प्यात कोण येते, कोण अधिक दुबळे आहे आणि सामना करण्याची ताकद कोणाकडे आहे.

याच चौकटीत अफवेचा धोका बसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले; सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातच, जत तालुक्यातील लवंगा येथे, अशाच संशयावरून चार साधूंना मारहाण झाली. ज्यांना गावाने धोका समजले, ते लोक स्वतःच त्या गावात सर्वांत असुरक्षित होते. अफवा भीतीच्या वेळी वेगाने पसरते, कारण अपुऱ्या माहितीत मनाला कोणतेही पूर्ण स्पष्टीकरण हवे असते आणि पुढे पाठवणाऱ्याला आपण कोणाला तरी वाचवतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटते. पुराच्या दिवसांत धरण फुटल्याचा संदेश याच रीतीने फिरतो. हा संदेश मुळात कोणी दिला, त्यात तारीख आणि ठिकाण आहे का, जिल्हा प्रशासनाने तो दिला आहे का, हे तीन प्रश्न विचारून १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर खात्री करणे, ही सवय विद्यार्थ्यांना लावणे हे सुरक्षा शिक्षणाचे, कदाचित आजचे सर्वांत निकडीचे, काम आहे. घरात मोबाईलवरचा मजकूर सर्वांना वाचून दाखवणारी व्यक्ती बहुधा दहावीतली मुलगी किंवा मुलगाच असतो.

कामाइशीची मुले

शाळेत शिकलेले घराबाहेर उपयोगी पडते का, या शंकेला जपानच्या किनाऱ्यावरील कामाइशी शहराने उत्तर दिले आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत त्या शहरात हजाराच्या घरात माणसे गेली, परंतु प्राथमिक व माध्यमिक शाळांतील जवळपास तीन हजार मुलांपैकी बहुतेक सर्व वाचली. कित्येक वर्षे त्यांना तीन गोष्टी शिकवल्या जात होत्या: नकाशावरील धोक्याच्या रेषेवर आंधळा विश्वास ठेवू नये, त्या परिस्थितीत जे अधिकाधिक शक्य ते करावे, आणि दुसऱ्याची वाट न पाहता स्वतः पहिले पाऊल उचलावे. माध्यमिक शाळेतील मुले स्वतःहून धावली, त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले आणि ठरलेली जागा धोक्याची वाटताच सर्वजण आणखी वर गेले. त्याच दिवशी इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना सुमारे पन्नास मिनिटे मैदानात थांबवून ठेवले गेले आणि ७४ मुले व दहा शिक्षक गेले. शाळेच्या मागेच टेकडी होती. दोन्हीकडे शिक्षक प्रामाणिक होते आणि मुले आज्ञाधारक होती. फरक पडला तो कोठे जायचे आणि केव्हा निघायचे हे आधी ठरलेले असण्याने.

गुण कशाला द्यायचे

या विषयाचे शिक्षण बदलायचे असेल, तर त्याची परीक्षा आधी बदलावी लागेल, कारण ज्याला गुण असतात त्याकडेच शाळा आणि पालक लक्ष देतात. लेखी व्याख्येऐवजी विद्यार्थ्याने तयार केलेला घराचा आराखडा तपासता येतो: उंबऱ्याचा आकडा, जनावरे नेण्याचे उंचावरील ठिकाण, तेथील ज्या घराशी बोलून ठेवले त्याचा उल्लेख, अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना कोण नेणार याची नोंद, आणि नदीवरच्या मोटरीचा वीजपुरवठा कोणी तोडायचा याचा निर्णय. हा आराखडा जूनमध्ये, शाळा सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात करून घ्यावा लागतो. वार्षिक नियोजनात आपत्ती व्यवस्थापनाचे प्रकरण पुस्तकाच्या शेवटी असल्याने ते जानेवारीत येते, आणि तोवर त्या वर्षीचा पूर येऊन गेलेला असतो. क्रम बदलण्यासाठी नव्या पुस्तकाची गरज नाही, मुख्याध्यापक आणि विषयशिक्षक यांनी एकत्र बसून केलेला एक निर्णय पुरेसा आहे. त्यानंतर तलाठी, पोलीस पाटील आणि नगरपरिषदेचे कर्मचारी यांना वर्गात बोलावून मुलांचे नकाशे दाखवावेत, कारण गावातील कोणत्या गल्लीत किती वृद्ध आणि किती जनावरे आहेत याची त्या वर्षीची ताजी यादी अनेकदा याच वह्यांत मिळेल.